अफरवटवरून ऑफ-पिस्ट उतरायचं आहे: तयारी, सामान, कुठे जावं आणि कुठे नको?

सह्यवाट

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही तिघे पुण्याहून गुलमर्गला जातोय. तिघांचेही स्कीइंगचे बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स झालेत. दाबून तयार केलेल्या उतारावर पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) नीट येतात, वेग आवरता येतो. गुडघाभर ताज्या बर्फाचा अनुभव मात्र जुजबीच. फ्रीराइड (कोऱ्या बर्फावरून स्वतःच्या वाटेने उतरणं) करणाऱ्या व्यावसायिक स्कीअर्सचे व्हिडिओ बघून डोक्यात भुंगा शिरलाय की तिथल्या अफरवट डोंगरावर गोंडोलाखालचा (केबल कारखालचा) ठरलेला उतार सोडून बाजूच्या बाउलमध्ये (वाटीसारख्या खोलगट उतारावर) उतरायचं, म्हणजेच ऑफ-पिस्ट, तयार न केलेल्या बर्फावरून. सह्याद्रीत घळी-नाळा उतरायची सवय आहे, त्यामुळे उभ्या उताराची भीती तशी वाटत नाही.

प्रश्न असे:

१. आमच्या पातळीला मुख्य बाउलच्या बाहेर जाणं शहाणपणाचं आहे का? असेल तर कुठे?
२. सामान भाड्याने मिळतं तेवढं पुरतं की काही इथूनच न्यावं? अ‍ॅव्हलांच एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी सॅक) विमानात नेऊ देतात का?
३. बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई), फावडं वापरायला किती शिकावं लागतं?
४. ही प्रो मंडळी अनोळखी डोंगरावर नेमकी रेषा (उतरायची वाट) कशी ठरवतात?

"गाइड घ्या" हे उत्तर माहीत आहे, गाइड घेणारच आहोत. पण त्याला काय विचारायचं तेही कळत नाही, म्हणून हा धागा.

---

हिमधार

आधी जागा समजून घ्या, बाकीचं त्यावरून ठरतं.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीला नेतो, साधारण ३,०८० मीटर. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवटच्या धारेजवळ ३,९५० मीटरच्या आसपास सोडतो. कोंगदोरीहून मेरी शोल्डरला जाणारी एक चेअरलिफ्टही आहे. म्हणजे स्की पायात नसतानाच तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात तेराशे मीटर वर पोचता. आल्प्समध्ये अशी सोय असते तिथे बऱ्याचदा शेजारी पिस्टचं (तयार उतारांचं) जाळं, दोऱ्या, खांब, पाट्या असतात. अफरवटवर तसं नाही. केबलच्या खालचा मुख्य बाउल स्की पेट्रोल तपासतं आणि सुरक्षित वाटल्यावरच उघडतं. त्याच्या दोन्ही अंगांना जे काही आहे ते कोणी तपासलेलं नसतं. गोंडोला चालू आहे याचा अर्थ एवढाच की गोंडोला चालू आहे.

याच बाहेरच्या भागात १ फेब्रुवारी २०२३ ला हापत खुडमध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन गेला. दोन्ही तारखा तुमच्या सहलीच्या आसपासच्या आहेत, कारण सर्वात चांगला बर्फ आणि सर्वात वाईट अपघात एकाच हंगामात येतात.

तुमच्या पातळीबद्दल. पॅरलल टर्न येतात यावरून काही ठरत नाही. ही कामं जमतात का ते बघा: पस्तीस अंशांच्या उतारावर दोन्ही बाजूंना साइडस्लिप करत (स्की आडव्या ठेवून घसरत) पन्नास मीटर खाली येणं, जागच्या जागी किक टर्न (एकेक स्की उचलून उलटं वळणं), पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन सलग वीस वळणं न थांबता, आणि खोल बर्फात पडल्यावर कोणाच्या मदतीशिवाय उठणं. शेवटच्यात सगळे अडकतात. हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल फुलीसारखे आडवे ठेवून त्यांच्या मध्यावर जोर द्यायचा, स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, मग उठायचं. हे कोंगदोरीच्या कडेला मुद्दाम पडून शिका.

निसटलेली स्की शोधणं हा दुसरा वेळखाऊ प्रकार. सगळे जण थांबले तिथेच खणत बसतात. स्की बहुतेक वेळा वरच, पडायला सुरुवात झाली त्या जागेच्या आसपास रुतलेली असते. राहिलेल्या स्कीची शेपटी बर्फात खुपसून वरून आडव्या रेघा ओढत या. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही बाइंडिंगना (बूट स्कीला धरणाऱ्या पकडींना) दीड-दोन मीटरची भडक रंगाची रिबन बांधून तिचं दुसरं टोक पँटच्या घेरात मोकळं कोंबायचं. पायाला पक्की बांधायची नाही. बर्फाखाली सापडलात तर बांधलेली स्की खाली खेचते.

क्रम असा ठेवा. पहिला दिवस पहिल्या टप्प्यावरच. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहणारा माणूस विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी ३,९५० वर धापा टाकत उभा राहिला, तर वळणंही चुकतात आणि निर्णयही. दुसऱ्या दिवशी चेअरलिफ्ट. तिसऱ्या दिवशी, उघडला असेल तर, मुख्य बाउल, आणि तोही दोन-तीनदा. त्यानंतर गाइडनेच "चला" म्हटलं तर बाहेर. धारेच्या पलीकडे नियंत्रण रेषेच्या दिशेला कुठल्याही परिस्थितीत उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या बाउलमधून खालच्या द्रंग गावाकडे उतरणाऱ्या लांब रेषांत पंधराशे मीटरहून जास्त उतार सलग मिळतो. व्हिडिओत वरचे चार-पाचशे मीटरच दिसतात. खाली दाट जंगल, नाले, मग सपाट चाल, आणि शेवटी तुम्ही गुलमर्गच्या बऱ्याच खाली रस्त्यावर असता. परतीची जीप आधी ठरवलेली नसेल तर संध्याकाळी स्की बूट घालून चढणीचा रस्ता तुडवावा लागतो. पायथ्याच्या तनमर्गहून गुलमर्गला येणाऱ्या रस्त्यावर ताजा बर्फ असला की साखळ्या लावलेल्या किंवा फोर-व्हील गाड्याच वर जाऊ शकतात, हेही लक्षात ठेवा.

---

कडेकपारी

सामानाचं मी सांगतो.

बूट स्वतःचे असतील तर तेच न्या. बाकी बहुतेक भाड्याचं चालेल. भाड्याचे बूट हमखास एक-दोन नंबर मोठे दिले जातात, कारण दुकानात पाय सुखावतो. उतारावर टाच उचलली जाते आणि स्की ऐकेनाशी होते. तपासायची पद्धत: आतला मऊ लायनर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते बघा. एक ते दीड सेंटिमीटर ठीक, दोनच्या वर गेलं तर बूट परत करा. जाड मोज्यांच्या दोन जोड्या घालून माप जुळवणं हा उपाय नाही. रक्तप्रवाह अडतो आणि बोटं आणखी गारठतात.

स्की कंबरेला (स्कीच्या मधल्या अरुंद भागात) १०५ ते ११५ मिमी रुंद, लांबी तुमच्या उंचीइतकी किंवा पाचेक सेंटिमीटर जास्त. कोर्सला मिळतात त्या ७०-८० मिमीच्या स्की खोल बर्फात बुडतात आणि सगळा भार मांड्यांवर येतो. उलट १२० मिमीच्या वर जाऊ नका. खालच्या कडक, उखणलेल्या बर्फावर त्या वळवायला जड जातात.

बाइंडिंगपाशी दुकानदाराच्या शेजारी उभे राहा. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बुटाच्या तळाचा प्रकार बाइंडिंगला चालतो का. ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित गोलसर) तळ जुन्या, फक्त सपाट अल्पाइन तळासाठी बनवलेल्या बाइंडिंगमध्ये बसतो, पण वेळेला सुटत नाही. दुसरी, तळाची लांबी. ती टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, त्यावर मागच्या तुकड्याचा पुढे येणारा दाब ठरतो आणि तो दाखवणारी खूण दोन रेघांच्या आत यायला हवी. तिसरी, सुटण्याचा आकडा, म्हणजे डीआयएन. वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्कीइंगची पातळी यांवरून तो तक्त्यात काढतात. "प्रो लोक १४ वर ठेवतात" म्हणून स्वतःचा वाढवायचा नाही. ते मोठ्या उडीच्या धक्क्याने स्की निसटू नये म्हणून वाढवतात आणि गुडघ्याची जोखीम जाणून घेतात.

सॅकमध्ये दुरुस्तीचं सामान हवं: रबरी स्की-पट्टे तीन, पोझिड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रू-ड्रायव्हर (बाइंडिंगचे स्क्रू साध्या फिलिप्सने फिरवले की डोकं जातं), मऊ तार, पोलवर गुंडाळलेली डक्ट टेप, थोडं स्टील वूल आणि इपॉक्सी. स्क्रूचं भोक ढिलं झालं की स्टील वूल कोंबून स्क्रू घट्ट बसतो, तेवढ्यावर खाली येता येतं. वर चढायच्या स्किन्स (स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्या) नेणार असाल तर कडाक्याच्या थंडीत त्या जॅकेटच्या आत ठेवा. एकदा गोंदाला बर्फ चिकटला की दिवसभर त्या चिकटत नाहीत आणि मग हे स्की-पट्टेच कामाला येतात.

गॉगलची ढगाळ हवेतली फिकट काच विसरू नका. ढग उतरल्यावर धारेवर उंचवटा कुठे आणि खड्डा कुठे हे गडद काचेतून कळतच नाही. कपड्यांबद्दल ट्रेकर मंडळींना काय सांगणार.

आता विमान. देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे पंधरा किलो चेक-इन मिळतं. रुंद स्की बाइंडिंगसकट सहा किलोंच्या आसपास, बूट चार किलो, म्हणजे दहा किलो तिथेच गेले. म्हणून स्की तिकडे भाड्याने आणि बूट-बीकन घरून, हा हिशोब बरा पडतो. पॉवरबँक केबिनमध्ये. गॅसच्या नळकांड्याची एअरबॅग आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान कंपनीच्या पूर्वपरवानगीने नेता येते, पण ती परवानगी लेखी आणि छापील हवी. श्रीनगर विमानतळावर तपासणी एकाहून जास्त वेळा होते आणि तिथल्या जवानाला नळकांडं म्हणजे नळकांडंच दिसतं. येताना जप्त झालं तर निदान सहल झालेली असते. जाताना झालं तर बॅग म्हणजे नुसता जड बोजा. सुपरकपॅसिटर आणि पंख्यावर चालणाऱ्या बॅगला ही भानगड नाही. विकत घ्यायचीच असेल तर तीच घ्या.

---

सह्यवाट

दोघांचेही आभार. बुटाचं शेलचं माप आजच घेतो.

एक शंका. सरळ उघड्या उतारावर जाण्याऐवजी एखादी अरुंद घळ धरून उतरलं तर वेग आटोक्यात राहील आणि दोन्ही बाजूंना आधारही मिळेल, असं वाटतंय. सह्याद्रीत तरी आपण तसंच करतो.

---

बर्फवाचक

सह्यवाट, नेमकी हीच सवय इथे उलटी करावी लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

सह्याद्रीत कडा उतरायचा तर आपण नाळ शोधतो, कारण कातळ फुटतो तो नाळेतच आणि सोंडेवर घसारा असतो. बर्फात घळ म्हणजे वरचं सगळं जिथे येऊन साठतं ती जागा. उघड्या उतारावर तीस सेंटिमीटर जाडीचा थर सुटला तर तो पसरतो आणि कदाचित कमरेपर्यंत गाडेल. तोच थर घळीत शिरला की तळाशी दोन-तीन मीटर ढीग होतो. म्हणून वाट निवडताना सोंड, धारेचा वरचा भाग, दाट झाडी, आणि थांबायला उंचवट्यामागची जागा. घळीच्या तोंडाशी फोटो काढायला थांबणं तर नकोच.

बहुतेक स्लॅब (एकसंध थर सुटून होणारी) हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही सदतीस-अडतीसच्या आसपास सर्वात जास्त. दुर्दैवाने स्कीला मजा येते तो उतारही हाच. मोजायचं सोपं: पोल बर्फावर उताराच्या दिशेने आडवा ठेवा, त्यावर फोन ठेवून कोन वाचा. मोबाइलच्या नकाशांवर उताराचे रंग दिसतात, पण या भागासाठी त्यामागची उंचीची माहिती साधारण तीस मीटरच्या चौकटीची असते. दहा मीटरचा उभा टप्पा त्यात पुसला जातो आणि नकाशावर पिवळा दिसणारा उतार प्रत्यक्षात चाळीस अंशांचा निघू शकतो. शिवाय तुम्ही उभे आहात त्या उताराचा कोन बघून भागत नाही. डोक्यावर काय आहे तेही बघायचं, कारण पंचवीस अंशांवरच्या माणसालाही वरच्या चाळीस अंशांवरून सुटलेला बर्फ गाठतो.

अफरवटचा स्वभाव असा. बर्फ आणतात ती पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळं, आणि ती एका दमात भरपूर टाकतात. धारेवर वारा जोराचा. वाऱ्याने उचललेला बर्फ आडोशाच्या बाजूला, धारेच्या लगेच खाली आणि घळींच्या एका काठाला घट्ट थर करून बसतो. पाय ठेवल्यावर पोकळ ढोलकीसारखा आवाज येतो तो हाच. वादळ संपल्यावरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सर्वात वाईट. नेमक्या त्याच वेळी निळं आकाश, कोरा उतार आणि गोंडोलापाशी रांग असते. पहिली रेघ मारायची घाई होते ती याच दिवशी.

दुसरी अडचण खालच्या थराची. हंगामाच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडून मग कोरडी थंडी राहिली, तर जमिनीलगतचे कण एकमेकांना न धरता सुटे होतात. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीचा जाड थर बसला की तो आठवडेच्या आठवडे कच्च्या पायावर उभा असतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून गाइडला पहिला प्रश्न विचारा, "डिसेंबरमध्ये बर्फ कसा पडला होता?" उत्तर लगेच आणि तपशिलात आलं तर माणूस कामाचा. पुढचे प्रश्न: शेवटच्या बर्फानंतर या बाउलमध्ये कोण उतरलंय? वारा कुठल्या बाजूचा होता? आपण थांबणार कुठे कुठे? आणि परतीची गाडी?

तुम्हाला स्वतःला दिसू शकतील अशा धोक्याच्या खुणा: आजूबाजूच्या सारख्याच तोंडाच्या उतारावर ताजं हिमस्खलन, पायाखाली "हुंफ" असा बसका आवाज, स्कीच्या टोकापासून पुढे धावत जाणारी भेग, एका दिवसात तीसेक सेंटिमीटर नवा बर्फ, आणि अचानक चढलेलं तापमान. आवाज किंवा भेग यांतली एक जरी खूण मिळाली तरी तो उतार आणि तसे सगळे उतार त्या दिवसापुरते बाद. चर्चा करायची नाही.

थर तपासायचा असेल तर विस्तारित स्तंभाची चाचणी शिका. नव्वद सेंटिमीटर रुंद, उताराच्या दिशेने तीस सेंटिमीटर असा ठोकळा बाजूंनी मोकळा करायचा. एका टोकाला फावडं ठेवून दहा टिचक्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग एका फटक्यात पूर्ण नव्वद सेंटिमीटर धावली तर तो बर्फ पसरणारा आहे. मात्र चाचणी चांगली आली म्हणून उतार चांगला ठरत नाही, पंधरा मीटरवर चित्र वेगळं असू शकतं. वाईट निकालावर विश्वास ठेवायचा, चांगल्यावर नाही.

सूर्याचाही विचार करा. गुलमर्ग चौतीस अंश अक्षांशावर आहे, आल्प्सपेक्षा बरंच दक्षिणेला, आणि गोंडोलाची बाजू ढोबळमानाने पूर्व-ईशान्येला तोंड करून आहे. सकाळचं ऊन तिथे लवकर येतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दुपारच्या आत ओला बर्फ सुटायला लागतो. खडकांखालून छोटे गोळे घरंगळताना दिसले की निघायची वेळ झाली.

आता बीकन. तिघांकडेही तीन अँटेनाचे, अल्कलाइन सेल नवे. रिचार्जेबल सेल वापरू नका, त्यांची पातळी बीकनला खरी कळत नाही. जॅकेटच्या आतल्या थरावर पट्ट्याने बांधायचं. फोन, रेडिओ, चुंबकी बटणं पाठवताना वीस सेंटिमीटर आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर दूर. वर पोचल्यावर रोज एकमेकांचं तपासायचं, एक जण शोधावर आणि बाकीचे एकेक करून समोरून जातील.

शोध असा: माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांनी पक्की करा. सगळ्यांचे बीकन शोधावर. तिथून खाली नागमोडी जायचं, दोन फेऱ्यांत चाळीस-पन्नास मीटरहून जास्त अंतर नको. सिग्नल मिळाला की बाण आणि उतरता आकडा (अंतर, मीटरमध्ये) धरून चाला. आकडा वाढायला लागला तर उलटे फिरा. दहाच्या आत आलात की वेग निम्मा करा. तीनच्या आत बीकन बर्फाला टेकवून फुलीसारखं, न फिरवता सरकवायचं. सर्वात लहान आकड्यावर प्रोब उताराला काटकोनात, मग पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर जाणाऱ्या वेटोळ्यात. लागलं की प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. खणायचं प्रोबच्या डोक्यावरून नाही, खालच्या बाजूने, गाडल्याच्या खोलीइतकं किंवा दीडपट मागे सरकून आडवं आत जायचं. एक मीटर खोलीलाही टनभराच्या आसपास बर्फ उपसावा लागतो, म्हणून प्लास्टिकचं फावडं घेऊ नका. हिमस्खलनानंतर घट्ट बसलेल्या बर्फात ते वाकतं आणि तुटतं.

स्विस नोंदी सांगतात की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघालेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासावर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ गेलेली असते. म्हणजे तुम्ही तिघेच एकमेकांचं बचाव पथक. पुण्यात एखाद्या मैदानावर कापडी पिशवीत बीकन घालून लपवा आणि घड्याळ लावून शोधा. पाच मिनिटांच्या आत जमेपर्यंत रोज. खणण्याचा सराव मात्र गुलमर्गला पोचल्यावरच.

---

उतारवेडी

प्रो मंडळी रेषा कशी ठरवतात, हा चौथा प्रश्न राहिला होता.

फ्रीराइड वर्ल्ड टूरच्या स्पर्धांत स्पर्धेच्या उतारावर आधी सराव करू देत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये व्हर्बियेला बेक दे रोस या ३,२२३ मीटरच्या शिखरावर १९९६ पासून एक्स्ट्रीम व्हर्बिये होते, तिथेही समोरच्या उतारावरून दुर्बिणीने बघूनच रेषा ठरवायची असते. गुण मिळतात रेषेची अवघडता, ताबा, सलगता, तंत्र आणि उड्या यांवर. नुसती मोठी उडी मारून धडपडलात तर क्रमांक तळाला जातो. त्यामुळे वाचनावर फार वेळ जातो.

वाचनाची पद्धत तुम्हालाही वापरता येईल. खालून फोटो काढा आणि त्यावर रेषा आखा. मग तोच फोटो वरून कसा दिसेल ते डोक्यात उलटा करा. इथेच घोळ होतो. खालून ठळक दिसणारा काळा खडक वरून बर्फाचा साधा उंचवटा दिसतो, आणि उतार पुढे गोल होऊन खाली वळत असेल तर कड्याची धार दिसतच नाही. म्हणून खुणा अशा निवडायच्या की दोन्हीकडून ओळखू येतील: एकटं झाड, दोन खडकांमधली फट, सावलीची रेघ. प्रत्येक खुणेला पुढची सूचना जोडायची, "फट संपली की डावीकडे सोंडेवर". आणि सुटकेच्या वाटा. मूळ रेषा बिनसली तर कुठून बाजूला पडायचं हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरं, स्लफ. उभ्या उतारावर तुमच्याच वळणांनी सुटलेला भुसभुशीत बर्फ तुमच्यामागे धावत येतो. व्हिडिओत स्कीअर मध्येच तिरका जाऊन छोट्या सोंडेवर चढताना दिसतो तो स्टाइलसाठी नव्हे. तो त्या बर्फाला पुढे जाऊ देतो. हे माहीत नसलेला माणूस घळीतच थांबतो आणि त्याचाच बर्फ त्याला कड्यावरून ढकलतो.

उड्यांचं थोडक्यात: उतरण्याची जागा उभी आणि मऊ हवी, साधारण पस्तीस अंश तरी. सपाटीवर दोन मीटरची उडीसुद्धा गुडघा घेऊन जाते. गुलमर्गला कमी बर्फाच्या वर्षी पांढऱ्या चादरीखाली खडक अगदी वर असतात. आधी प्रोब खुपसून खोली बघितल्याशिवाय उडी नको. तुमच्या या सहलीत तर नकोच.

आणि त्या चाळीस सेकंदांच्या तुकड्यामागे बऱ्याचदा आठवडाभर हवामानाची वाट बघणं, दुसऱ्या डोंगरावर रेडिओ घेऊन बसलेला माणूस, आणि "आज नको" म्हणून सोडलेले दिवस असतात. ते कोणी अपलोड करत नाही.

---

कडेकपारी

एअरबॅगबद्दल एक भर. ती फुगलेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण ती नसणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास येतं, पण झाडांत किंवा घळीत तिचा उपयोग फारच कमी. शिवाय गंभीर अपघातांत सुमारे दर पाचांतली एक बॅग फुगतच नाही, बहुतेकदा हँडल ओढलं गेलं नाही म्हणून. मांडीखालचा पट्टा न लावता लोक ती घालतात, तो लावा, नाहीतर फुगल्यावर बॅग डोक्यावरून निघून जाते. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी बीकन-प्रोब-फावडं, मग कोर्स, मग एअरबॅग.

---

हिमधार

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी:

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निदान एकाकडे पोस्टपेड हवं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं किंवा सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशी व्हिडिओत प्रत्येकाच्या खांद्याला ते लटकलेलं दिसतं म्हणून कोणी नातेवाइकाकडून मागवू नका. विमानतळावरच चौकशीला बसाल. ड्रोनही परवानगीशिवाय नको, सीमा जवळ आहे.

विम्याच्या कागदात "साहसी खेळ" एवढंच बघून थांबू नका. ऑफ-पिस्ट स्कीइंग आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च मिळेल का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. गुलमर्गला प्राथमिक उपचार मिळतात. हाड मोडलं तर श्रीनगरला बर्झुल्ल्याचं बोन अँड जॉइंट हॉस्पिटल, पन्नासेक किलोमीटर, बर्फाच्या रस्त्यावर दोन तासांच्या वर धरा.

---

सह्यवाट

डोळे उघडले. घळीचा हट्ट सोडला. शेवटचं विचारतो: वारा किंवा बर्फामुळे दुसरा टप्पा दोन-तीन दिवस बंद राहिला तर वेळ वाया जाणार का?

---

बर्फवाचक

राहतोच बंद, तसं धरूनच चला. ते दिवस जंगलाचे. गुलमर्गच्या पठारावरून बाबरेशीकडे उतरणाऱ्या झाडीत वारा लागत नाही आणि ढगांतही झाडांमुळे उतार नीट दिसतो. तुमच्या पातळीला खोल बर्फ शिकायला याहून चांगली जागा नाही. वेगळा धोका एकच: मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी असते. त्यात डोकं खाली करून पडलं तर स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य. झाडापासून दोन हात लांबून वळा, पोलचे पट्टे मनगटातून काढून ठेवा, जोडीदार सतत नजरेत किंवा हाकेच्या अंतरात हवा, आणि शिट्टी सॅकच्या पट्ट्यावर, आत नाही. पुढचा दिसेनासा झाला तर मागच्याने लगेच थांबून हाक मारायची, कारण खाली जाऊन परत वर यायला खोल बर्फात अर्धा तास जातो. थोडा वर राहिलेला माणूसच मदतीला पोचतो.

बाबरेशीहून परतीला गाडी लागते. सकाळीच ठरवून ठेवा, आणि ड्रायव्हरचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.